नऊ माणसांचा शनिवार

१

बुधवारी संध्याकाळी शेजारून एलिशेवाची किंकाळी आली, तेव्हा माझ्या हातात तळोज्याच्या एका वॉचमनची कवळी होती. मी ती तशीच पाण्यात टाकली आणि ओल्या हातांनी धावले.

मी शशिकला. नवीन पनवेलमध्ये राहत्या घराच्या पुढच्या खोलीत तेहतीस वर्षं डेंटल मेकॅनिकचं काम करते. डॉक्टर दातांचं माप घेऊन पाठवतात, मी कवळ्या आणि कॅपा बनवते. पेशंट डॉक्टरला दुवा देतो. माझं नाव त्याला ठाऊक नसतं, आणि ते बरंच आहे.

शेजारी जुडाह किहिमकर, बेने इस्राएल ज्यू. बायको वारल्यावर मुलीला एकट्यानं वाढवलेला, विमा कंपनीतून निवृत्त झालेला, सरळ माणूस. एलिशेवा त्याची एकुलती एक. तिला दातांची डॉक्टर व्हायचं होतं, आणि हे वेड तिला माझ्या टेबलावर लागलं. सातवीत असताना ती माझ्याकडे बसून मेणाचे दात कोरायची. चांगले कोरायची.

आत गेले तर ती जमिनीवर बसली होती. जुडाह तिच्या फोनकडे बघत उभा होता.

"ताई, हिला टेकडी मिळाली," तो म्हणाला.

टेकडी म्हणजे इथून वीस मिनिटांवरचं खासगी डेंटल कॉलेज. काचेची इमारत, लॉबीत मोठं फिशटँक, आणि पेशंटच्या बाकांवर धूळ. तपासणीच्या दिवशी आसपासच्या वस्तीतून माणसं गाडीत घालून आणतात आणि खुर्च्यांवर बसवतात. डेंटल कॉलेज निवडताना इमारत बघू नये, सकाळची पेशंटची रांग बघावी, हे मीच एलिशेवाला शिकवलं होतं. मुंबईचं सरकारी कॉलेज थोडक्यात हुकलं, तेव्हा तिनं मन घट्ट करून नागपूरचं सरकारी पहिलं टाकलं होतं. मग संभाजीनगर, मग सांगली. टेकडी सगळ्यात शेवटी, असावी म्हणून.

"मग हे कसं झालं?" मी विचारलं.

एलिशेवानं फोन माझ्यापुढे धरला. तिच्या नावाचा पक्का झालेला फॉर्म होता. पसंतीक्रम असा: एक, टेकडी. दोन, नागपूर. तीन, सांगली. चार, संभाजीनगर.

"मावशी, हा मी भरलेला नाहीये. आणि पहिली पसंती मिळाली की ती घ्यावीच लागते. नाही घेतली तर पुढच्या फेऱ्यांतून नाव बाद."

फॉर्मच्या खाली शेवटच्या बदलाची वेळ होती: शनिवार, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. त्या वेळी हे दोघे बापलेक जुन्या पनवेलीत, सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला होते.

२

घर बंद होतं आणि घरात कोणीतरी शिरून मुलीचं आयुष्य बदललं होतं. सोन्याला हात लावला नाही, कपाट उघडलं नाही. असला चोर मी पहिल्यांदाच पाहत होते.

शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावायच्या आधी एलिशेवानं फॉर्म भरून सेव्ह केला होता. शनिवारी पाच वाजता तो आपोआप लॉक होणार होता, म्हणून ती निर्धास्त होती. फॉर्म उघडायला पासवर्ड लागतो, आणि ओटीपी येतो जुडाहच्या फोनवर. शुक्रवारी सूर्य मावळला की जुडाह फोन फ्रिजवर ठेवतो आणि शनिवारचे तारे दिसेपर्यंत त्याला हात लावत नाही. शब्बाथ म्हणजे शब्बाथ, त्या दिवशी कसलंही काम नाही. फोनला कुलूपही नाही, कारण आकडे त्याच्या लक्षात राहत नाहीत.

"आणि पासवर्ड?"

एलिशेवानं मान खाली घातली आणि फ्रिजकडे बोट दाखवलं.

फ्रिजच्या दारावर चुंबकानं एक कागद लावला होता. तिच्या काकाच्या, म्हणजे डॉक्टर रोनेनच्या दवाखान्यातला कोरा केसपेपर. त्यावर अधिकचं मोठं चिन्ह छापलेलं असतं, दातांच्या चार भागांसाठी. असे कागद मला रोज येतात. एलिशेवानं त्या चार चौकटींत चार कॉलेजं लिहिली होती, जशी सुचली तशी. वर डावीकडे संभाजीनगर, वर उजवीकडे टेकडी. खाली डावीकडे सांगली, खाली उजवीकडे नागपूर. प्रत्येकाखाली बारीक अक्षरात फायदे-तोटे. आणि तळाशी, ठळक, पासवर्ड.

"शहाणे! तिजोरीची किल्ली तिजोरीलाच टांगून ठेवलीस की गं," मी म्हटलं. बोलले आणि लगेच वाईट वाटलं.

"घराची चावी कोणाकडे असते?" हा प्रश्न मला विचारावाच लागला, आणि उत्तर मलाच माहीत होतं. एक चावी जुडाहकडे, एक रोनेनकडे. तिसरी माझ्याकडे, दाराजवळच्या खिळ्याला.

त्या शनिवारी साडेदहाला ती चावी माझ्याकडून कोणीतरी मागून नेली होती. आणि बाराला परत आणून दिली होती.

"मितालीनं," मी म्हटलं.

जुडाहचा चेहरा दगडासारखा झाला. मिताली म्हणजे एलिशेवाची शाळेपासूनची मैत्रीण. दोघींचे गुण जवळजवळ सारखे, एलिशेवाचे थोडेसे वर. आणि दुपारपासून मितालीच्या आईनं सगळ्यांना फोन करून सांगितलं होतं की मितालीला नागपूर मिळालं. शेवटची जागा.

३

गुरुवारी सकाळी मी कळंबोलीला मितालीच्या घरी गेले. खाली लोखंडाच्या ट्रकांचा खणखणाट, वर उघड्या सुटकेसा. मिताली ॲप्रन घडी घालत होती.

"मावशी, जुडाहकाकांनी काल आईला फोन केला. चोर म्हणाले मला."

"तू चावी का घेतलीस?"

"माझं बायोचं पुस्तक तिच्याकडे होतं. दहा मिनिटांत घेऊन निघाले. मग मार्केटमध्ये गेले आणि चावी पर्समध्येच राहिली. म्हणून बाराला दिली."

"कोणी बघितलं तुला मार्केटमध्ये?"

"मावशी, मला काय माहीत होतं की साक्षीदार लागणार आहेत?" ती रडली नाही, चिडली. "एलिशेवाला नागपूर मिळालं असतं तर मी सांगलीला गेले असते. तिथेही दातच शिकवतात ना? आणि मला टेकडी वर न्यायची असती तर टेकडी उचलून वर ठेवली असती. काकांनी फोनवर वाचून दाखवला तसा खालचा क्रमही उलटापालटा करायचा उद्योग कशाला करू?"

ती रागाच्या भरात बोलली, पण बोलली ते माझ्या डोक्यात रुतलं. एलिशेवाचा क्रम होता नागपूर, संभाजीनगर, सांगली, टेकडी. टेकडी उचलून वर ठेवली तर खाली राहायला हवं नागपूर, संभाजीनगर, सांगली. पण फॉर्ममध्ये सांगली आधी होती आणि संभाजीनगर शेवटी. ही अदलाबदल करून कोणाचा काय फायदा?

परत आल्यावर एलिशेवाला विचारलं. ती म्हणाली, "मावशी, फॉर्म बदलायला उघडला की आधीची यादी पुसली जाते. सगळी कॉलेजं पुन्हा एकेक करून निवडावी लागतात."

म्हणजे त्या माणसानं चारही नावं नव्यानं भरली होती. समोर बघून. आणि समोर होता तो फ्रिजवरचा कागद.

४

जुडाह गॅलरीत बसला होता. मी चहा घेऊन गेले, त्यानं कप हातात धरला पण प्यायला नाही.

"उद्या सकाळी पोलिसांत जातो, ताई. त्या मुलीनं नागपूरला पाऊल ठेवायच्या आत."

"जुडाहभाऊ, खात्री आहे?"

"दुसरं कोण? आपलं माणूस असं करेल का?" मग तो लांब बघत म्हणाला, "सगळंच उठलंय मुळावर. त्या शनिवारी सिनेगॉगमध्येही नऊच जण. दहा पुरुष भरले तरच पेटीतून आमच्या धर्मग्रंथाची, तोराची गुंडाळी बाहेर काढता येते. एकासाठी ती आतच राहिली. माझ्या लहानपणी उभं राहायला जागा नसायची. सगळे गेले इस्राएलला, आणि आम्ही बसलोय बोटं मोजत."

"एलिशेवा होती की."

"बायका धरत नाहीत मोजणीत," तो म्हणाला. मला यावर पुष्कळ बोलायचं होतं, पण ती वेळ नव्हती.

एक वेडा संशय मात्र मनात येऊन गेला. जुडाह हिब्रू वाचतो, उजवीकडून डावीकडे. मुलगी लांब जाऊ नये असं कोणत्या बापाला वाटत नाही? मी मनातल्या मनात तो कागद उजवीकडून वाचला. टेकडी, संभाजीनगर, मग खाली नागपूर, सांगली. जुळलं नाही. आपल्यासारखं डावीकडून वाचलं, तर टेकडी उचलल्यावर संभाजीनगर, सांगली, नागपूर. तेही जुळलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याच्यावर संशय घेतला याची लाजही वाटली.

दुपारी मी डॉक्टर रोनेनच्या दवाखान्यात गेले. निमित्त होतं त्याच्या एका कॅपचं. पेशंटला तिसऱ्यांदा बसत नव्हती.

रोनेन जुडाहचा धाकटा भाऊ. पनवेलमध्ये त्याच्याइतकं नाव कोणाचं नाही. दवाखान्यात दोन खुर्च्या आहेत. दुसरी त्यानं मुलासाठी, एरियलसाठी घेतली होती. एरियल आता इस्राएलमध्ये, हैफाला असतो, आणि खुर्चीवर प्लास्टिक चढवलेलं आहे.

"वाईट झालं हो पोरीचं," तो म्हणाला. "पण शशिकलाबाई, टेकडी काही एवढी वाईट नाही. घरी जेवेल, संध्याकाळी इथे येईल, मी शिकवीन. नागपूरला गेलेली मुलं परत येतात का?"

"तुम्हाला कोणावर संशय?"

"मी काय सांगणार! शनिवारी सकाळी मी कुठे असतो, सगळ्या पनवेलला माहीत आहे. दवाखाना बंद, आणि मी सिनेगॉगमध्ये."

त्यानं नवं माप माझ्या हातात दिलं आणि केसपेपरवर दाताचा नंबर लिहिला. पेन धरताना त्यानं उजवं मनगट डाव्या हातानं दाबून धरलं होतं.

५

घरी येऊन मी माप उजेडात धरलं. कडेला लाट होती. माप तोंडात धरलेलं असताना हात हलला की अशी लाट येते. गेलं वर्षभर रोनेनच्या मापांत ती येत होती, आणि वर्षभर मी मेण भरून ती झाकत होते. मोठ्या डॉक्टरला कोण सांगणार की तुमचा हात थरथरतो? शिवाय जुना संबंध. मी स्वतःला सांगायचे की आपण सांभाळून घेतोय.

मग केसपेपर बघितला. छापील अधिकचं चिन्ह, आणि एका चौकटीत आकडा. तेहतीस वर्षं मी हा कागद वाचतेय, तरी काखेत कळसा आणि गावाला वळसा!

दातांचा डॉक्टर तोंडाचे चार भाग ओळीनं वाचत नाही, गोल फिरून वाचतो. वर डावीकडची चौकट एक, वर उजवीकडची दोन, तिच्या खालची तीन, आणि मग डावीकडे वळून चार. घड्याळाच्या काट्यासारखं. कॉलेजात हात असा वळतो तो जन्मभर तसाच राहतो. माझाही तसाच वळतो.

मी उठून जुडाहकडे गेले आणि फ्रिजसमोर उभी राहिले. वर उजवीकडे टेकडी. तिच्या खाली नागपूर. तिथून डावीकडे सांगली. तिथून वर संभाजीनगर.

टेकडी, नागपूर, सांगली, संभाजीनगर. फॉर्म तंतोतंत हाच होता.

पनवेलमध्ये हा कागद असा वाचणारी आणि या घराची चावी असणारी माणसं दोनच होती. एक मी. आणि मी तर भरला नव्हता.

"जुडाहभाऊ," मी हाक मारली. "रोनेनला बोलावून घ्या. आत्ता. पोलिसांचं नंतर बघू."

६

रोनेन आला, तेव्हा एलिशेवा ओट्याला टेकून उभी होती. मी कोणावर काही आरोप केला नाही. जुडाहला एवढंच विचारलं, "त्या शनिवारी तुम्ही नऊ जण कोण कोण होता?"

"ते कशाला?"

"नावं घ्या."

जुडाह बोटं मोजू लागला. "मी. प्रार्थना म्हणणारा हज्जान. अष्टमकरांचे दोघे. पेणहून आलेला तो म्हातारा आणि त्याचा जावई, सहा. बँकेतले चेऊलकर. बेंजामिन. आणि..." तो आठवू लागला. "सॅमसनचा मुलगा. नऊ."

"आणि डॉक्टर?"

"रोनेन नव्हता. कुणाला तरी कळ लागली असेल, म्हणून दवाखान्यात..." एवढं बोलून जुडाह थांबला. त्यानं भावाकडे पाहिलं.

"मला म्हणाले, दवाखाना बंद होता आणि मी सिनेगॉगमध्ये होतो," मी म्हटलं. "ते तिथे असते तर तुम्ही दहा झाला असता, जुडाहभाऊ. गुंडाळी पेटीबाहेर आली असती."

मग मी कागद दाखवला आणि चार चौकटींवरून बोट गोल फिरवलं. एलिशेवाला लगेच समजलं. तिला तसं वाचायला रोनेननंच शिकवलं होतं.

"काका, तुम्ही?"

रोनेननं नाकारलं असतं तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. त्यानं उजवा हात पुढे केला, नुसता हवेत धरला. हात पानासारखा हलत होता.

"सहा महिने एक दाढ सरळ कोरता आलेली नाही मला," तो म्हणाला. "दवाखाना बंद केला तर मी कोण उरतो? एरियल गेला. तू नागपूरला गेलीस की तूही गेलीस. टेकडीवर राहिलीस तर रोज संध्याकाळी येशील, मी सांगेन आणि तू करशील, असं वाटलं. पाच वर्षांत सगळं तुझंच होणार होतं ना? तुझ्या भल्याचंच केलं."

"माझे हात हवे होते तुम्हाला," एलिशेवा म्हणाली. "मी नको होते."

कुंपणच शेत खातं म्हणतात, ते मी त्या दिवशी पाहिलं. मला संताप आला होता, आणि त्यातला अर्धा माझ्यावरच होता.

"हात थरथरतो हे कोणालाच माहीत नव्हतं," रोनेन पुटपुटला.

"मला माहीत होतं," मी म्हटलं. "वर्षभर मेण भरत होते मी तुमच्या मापांत. तेव्हाच तोंड उघडलं असतं, तर आज ही वेळ आली नसती."

एलिशेवानं माझ्याकडे पाहिलं. तशी नजर तिनं माझ्यावर कधी टाकली नव्हती, आणि मला ती अजून विसरता येत नाही.

७

रोनेननं सगळं लिहून दिलं. अक्षरं ओळीबाहेर चालली होती. एलिशेवानं ते प्रवेशाच्या ऑफिसला पाठवलं, जुडाह स्वतः जाऊन साहेबांपुढे उभा राहिला. सोमवारी दुपारी उत्तर आलं. पासवर्ड आणि ओटीपी जपण्याची जबाबदारी उमेदवाराची आहे. बदल करता येत नाही.

पाच वाजेपर्यंत टेकडीची जागा घेता येत होती. साडेचारला जुडाह हळूच म्हणाला, "जाऊ या का, बाळा?" ती माझ्या टेबलाशी बसून मेणाचा दात कोरत होती. मान वर न करता म्हणाली, "नाही पप्पा. पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा देईन. फोन माझा असेल आणि पासवर्ड डोक्यात." पाच वाजले. तिनं दात पुरा केला, बघितला, आणि मोडून टाकला.

मितालीची माफी मागायला जुडाह कळंबोलीला गेला. ती नागपूरला निघून गेली होती. तिच्या आईनं साखळी लावूनच दार उघडलं, ऐकून घेतलं, आणि बंद केलं. एलिशेवानं पाठवलेला मेसेज मितालीनं वाचल्याचं दिसतं. उत्तर नाही.

त्याच आठवड्यातल्या शनिवारी सकाळी एलिशेवाला घेऊन मी जुन्या पनवेलीत गेले. तिला आत जायचं नव्हतं, घरीही बसायचं नव्हतं. आम्ही सिनेगॉगच्या पायरीवर बसलो. जुडाह लवकरच आत गेला होता. एकेक जण येत होता आणि मी उगाच मोजत होते. जुडाहला धरून नऊ झाले.

मग रोनेन आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, उजवा हात खिशात. आमच्याकडे न बघता तो पायऱ्या चढला. आत खुर्च्या सरकल्या, हज्जानचा आनंदानं चढलेला आवाज आला, "दहा! दहा झाले!" दोन शनिवार बंद राहिलेली पेटी आज उघडणार होती.

दार उघडलं आणि जुडाह बाहेर आला. टोपी सारखी करत तो आमच्या शेजारी पायरीवर बसला.

"पप्पा, आत जा ना," एलिशेवा म्हणाली. "तुम्ही बाहेर आलात तर ते नऊच राहतील."

"माहीत आहे," जुडाह म्हणाला. "मी मोजूनच उठलो."